ओटीपी माझ्याकडेच येतो

३ जानेवारी
आज मालिकांच्या ॲपचा वर्षाचा प्लॅन घेतला. रीतसर पैसे भरून. काशी दोन वर्षं मागे लागली होती. मी शेजारच्या रावजीच्या पेनड्राइव्हवर भागवत होतो, त्यात नेमका शेवटचा भाग नसायचा. त्यावरून एकदा काय ते बोलली आणि अमिषाच्या बाळंतपणाला पनवेलला गेली. सात महिने झाले. नातू बसायला लागलाय. प्लॅन घेतल्याचं कळवलंय. आता येईलच.

५ जानेवारी
तोवर तिची मालिका बुडायला नको, म्हणून लेकीच्या टीव्हीवर चालू करून दिलं. ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो. काशीचा फोन. म्हणाली, नंबर सांगा. सांगितला. म्हणाली, बरं. ठेवला. चांगलं बोलणं झालं.

१२ जानेवारी, दुपार
ॲपमध्ये 'सगळीकडून लॉगआउट' असं बटण आहे. सुरक्षेसाठी दाबलं. साडेचारला काशीचा फोन. नंबर घेतला. जेवलात का, असंही विचारलं. यापुढे सुरक्षा दर आठवड्याला.

२ फेब्रुवारी
तिच्या प्रोफाइलवर भाग १४३ दिसतो. मीही १४३ बघितला. मालिका भिकार आहे. ती आल्यावर बोलायला विषय हवा, एवढंच. रावजी म्हणाला, वैनी न्हाय येत आता, डबा लाव. रावजीला कधी पैसे भरून काही बघणं माहीतच नाही.

९ फेब्रुवारी
सुरक्षा केली. काशीने विचारलं, हे सारखं बंद का पडतं हो? म्हटलं, कंपनीचा घोळ.
संध्याकाळी दिघीच्या धक्क्यावर गेलो. सहज. ती गेली ती फेरीबोटीनेच. तीन बोटी लागल्या. चौथीला थांबलो नाही, उगाच लोक विचारतात.

१ मार्च
सुरक्षा केली. फोन नाही. नेटवर्क.

२ मार्च
नेटवर्क. करमत नाही. मालिकांमुळे होतं असं.

४ मार्च
अमिषाला फोन केला, ओटीपी हवाय का विचारायला. म्हणाली, बाबा, तुमचं सारखं बंद पडतं, म्हणून आईने स्वतःचा प्लॅन घेतला. वर्षाचा. आईच्याच नंबरवर. म्हटलं, छान केलं. आईला दे जरा. म्हणाली, आई मालिका बघतेय.

१० मार्च
तिचं प्रोफाइल १६१ वर थांबलंय, अर्ध्यात. मीही तिथेच थांबलोय.
आज सवयीने बटण दाबलं. घरातला टीव्ही तेवढा बंद पडला. ओटीपी आला. सहाही आकडे मोठ्याने वाचले. मग मीच टाकले.
जेवलो नाही.