पाचातले तीन

॥ श्री ॥
नेरुळ, ता. ४ फेब्रुवारी

चि. तेजश्रीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवतेस, म्हणून शेवटी पोस्टाचा रस्ता धरला. आता उत्तर लिहावंच लागेल, आणि शुद्धलेखन मी तपासणार आहे. शाळेतून निवृत्त झाले तरी लाल पेन अजून चालू आहे.

संक्रांतीला येऊन गेलीस, फार बरं वाटलं. जेवण झाल्याबरोबर भांडी घासलीस, ओटा पुसलास, चादरीच्या घड्या घातल्यास. निघताना दारात उभी राहून सगळं नीट झालं ना, काही राहिलं नाही ना, असंही विचारलंस. तुझ्या बापाला लगेच फोन करून सांगितलं की धनाजी, पोरीला वळण चांगलं लावलंस. त्यानं लगेच श्रेय घेतलं.

गुडघ्यानं मात्र असहकार पुकारलाय. माळ्यावरचे डबे काढणं, स्वयंपाकघर धुणं काही जमेना. म्हटलं, साफसफाईला माणूस बोलवायचंच तर तू ज्या ॲपवरून घरोघरी कामाला जातेस त्याच ॲपवरून बोलवावं. शेजारच्या वैजयंतीबाईंनी फोनवर ते सगळं करून दिलं. क्रांती नावाची मुलगी आली. काय काम केलं पोरीनं! खिडकीच्या जाळ्या काढून घासल्या. चहा दिला तर उभ्यानंच प्यायली. नंतर फोननं मला तारे विचारले, मी पाचातले तीन दिले. हसू नकोस, माझ्याकडे तीन म्हणजे चांगलंच. पैकीच्या पैकी मी वर्गात कधी कुणाला दिले नाहीत. थोडं हातचं राखलं की माणूस पुढे जास्त झटतं.

तब्येतीला जप. माया आहेच, उत्तर आलं की वाढवीन.

तुझी आत्या,
सत्यभामा


उलवे, ता. १३ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास तेजश्रीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोन का उचलत नाही ते सांगायला लाज वाटते. फोन वाजला की भीतीच वाटते. काम आलं असेल, नाहीतर तक्रार. वाजला नाही तर त्याहून वाईट, का वाजत नाही म्हणून बघत बसते. तुमचं नाव दिसलं तरी आधी तक्रारच वाटते, मग कळतं की आत्या आहेत. कागदावर लिहायला बरं वाटतंय. कागद वाजत नाही.

आता पुढचं कसं लिहू? क्रांती माझ्याच खोलीत राहते. आमच्याकडे तीनला चांगलं म्हणत नाहीत. पाच म्हणजे ठीक, चार म्हणजे काहीतरी चुकलं. दिवाळीत आई आजारी होती म्हणून तिनं बरीच कामं नाकारली होती, आणि नकारही मोजले जातात, त्यामुळे ॲपवरचा तिचा आकडा आधीच काठावर होता. तुमच्या तीननं तो खाली गेला आणि तिचं काम बंद झालं. जाऊन भेटावं असा साहेब कुणी नाही. फोनवर एक ओळ आली, तेवढंच.

नेरुळच्या त्या घरात आपलं काय चुकलं असेल, असं ती मला रोज विचारते. चहा घेतला हेच चुकलं, असं तिनं ठरवून टाकलंय. ते माझ्या आत्याचं घर, हे मी तिला सांगितलेलं नाही.

आणि तुम्हाला तरी कोणत्या तोंडानं बोलू? तिचं बंद झाल्यापासून माझ्याकडे कामं वाढली. त्या दिवशी तिच्या शेजारी बसून जेवत होते आणि मला बरं वाटत होतं. आत्या, खरंच बरं वाटत होतं. मी अशी नव्हते हो.

रागावू नका. रागावलात तरी दूर लोटू नका.

तुमची,
तेजश्री


॥ श्री ॥
नेरुळ, ता. २४ फेब्रुवारी

चि. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. शुद्धलेखन तपासायचं राहून गेलं. दिलेले तारे बदलता येत नाहीत. कंपनीला फोन लावला तर तिथे यंत्र बोलतं आणि मध्येच गाणं लावतं. शेवटी रिक्षा केली आणि गुडघा धरून उलव्याला आले. तू कामावर होतीस. ते घर माझं आणि मी तेजश्रीची आत्या, हे क्रांतीला मीच सांगून टाकलं.

वाटलं होतं चिडेल, निदान तोंड फिरवेल. तेवढं केलं असतं तरी मला हलकं वाटलं असतं. ती हसली. खुर्ची पुसून मला बसवलं आणि म्हणाली की मॅडम, काय चुकलं तेवढं सांगा, पुढच्या वेळी होणार नाही. काहीच चुकलं नव्हतं गं! तसं सांगितलं तर तिला पटेना. जाळीचा कोपरा राहिला होता का, चहा घ्यायला नको होता का, हेच विचारत राहिली. मग मीच चहा मागितला आणि तिलाही बसून घ्यायला लावला. कप संपेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला माझीच शरम वाटली. जन्मभर हातचं राखत आले, पण त्यानं समोरच्याचं काय होतं ते कधी पाहिलं नाही. माझं आणि वैजयंतीबाईंचं घरकाम ती आता थेट करणार आहे. पण कंपनीला कळलं तर पुन्हा कधीच कामावर घेणार नाहीत, या भीतीनं हो म्हणायलाही तिला जड गेलं.

येताना तुझी संक्रांत आठवली. ते वळण नव्हतं ना? दारात उभी राहून विचारलंस, ते तू आत्याला विचारत नव्हतीस, तारे देणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारत होतीस. आणि मी मेली धनाजीला कौतुकानं फोन करत बसले!

येत्या रविवारी ये. काही उचलायचं नाही, काही पुसायचं नाही. कप जिथे प्यायलीस तिथेच ठेवायचा आणि काही न विचारता निघायचं. मला तेवढं बघू दे.

यावेळी हातचं न राखता,
तुझी आत्या


उलवे, ता. ३ मार्च

ती. स्व. आत्यास शि. सा. नमस्कार.

क्रांतीला मी सगळं सांगितलं, माझी कामं वाढल्याचंही आणि बरं वाटल्याचंही. ती म्हणाली की तुझं बंद झालं असतं तर मलाही बरंच वाटलं असतं. मग दोघी रडलो.

रविवारी तुम्ही सांगितलंत तसंच केलं. ताट उचललं नाही, कप टीपॉयवर तसाच ठेवला, दारात काही विचारलं नाही. तुम्ही गॅलरीतून हात हलवत होतात, हसत होतात, ते मी पाहिलं.

बसमध्ये मात्र चैन पडेना. मध्येच उतरावं, परत यावं आणि तो कप विसळून ठेवावा, असं सारखं वाटत होतं. अजून तो डोळ्यांसमोरून जात नाही.

आत्या, तुम्ही रागावला नाहीत ना? खरं ते कळवा. फोन नको, पत्रच पाठवा. मी वाट बघते.

तुमची,
तेजश्री