बी बाजूचा जबाब

वस्ताद, तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली आणि माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. मी तसा हसतमुख माणूस आहे, सीताबर्डीत कोणालाही विचारा. गिऱ्हाईक तासभर डोकं खाऊन काही न घेता उठलं तरी मी त्याला चहा पाजून पाठवतो. ज्यांनी माझं वाईट केलं त्यातल्या बहुतेकांच्या पोरांच्या लग्नात मी जेवून आलोय. पण तुमचा फोटो दुकानात लावा म्हणून लोकांनी किती वेळा सांगितलं, मी लावला नाही. भिंतीवर जागा नाही म्हणतो. जागा आहे.

हे पत्र लिहायला बसवलं माझ्या नातीनं. ती रॅप करते. रॅप म्हणजे काय, ते तुम्हाला दोन वाक्यांत कळेल. ठेक्यावर बोलायचं, यमक साधायचं आणि समोरच्याची चारचौघांत उतरवायची. म्हणजे आपलंच, फक्त डफ नाही. मागच्या आठवड्यात तिनं माझं जुनं कॅसेट डेक झाडूनपुसून सुरू केलं आणि त्यात आपली सवाल-जबाबाची कॅसेट घातली. दोन्ही बाजू ऐकल्या, पुन्हा ऐकल्या, मग म्हणाली, "आबाजी, हा तर क्लासिक अल्बम आहे!" मी विचारलं, "क्लासिक म्हंजे काय वं?" तर म्हणे, ज्यातलं एकही गाणं स्किप करावंसं वाटत नाही तो. मी म्हटलं, "आमच्या टायमाले पुढं पळवलं का सेल उतरत होते, म्हणून कोणीच पळवत नव्हतं. मंग काय साऱ्याच क्लासिक?" ती हसली. मग एकदम गंभीर झाली. "तसं नाही आबाजी. ए साइडवरचे वस्ताद भारी आहेतच. पण बी साइडवरचा माणूस त्यांना खाऊन टाकतो. आवाज थोडा त्यांच्यासारखाच आहे, भाऊ होता का त्यांचा? मी हे नेटवर टाकणार आहे, नावं लिहायची आहेत. बी साइडला कोणाचं नाव लिहू?" मी म्हटलं, रविवारी ये, सांगतो. आज शनिवार आहे.

तर आता सगळं पहिल्यापासून काढतो, म्हणजे मलाही कळेल की मी तिला काय सांगणार आहे. मी मौद्याकडून तुमच्याकडे आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो, लग्न झालेला, आणि तुमच्या शेजारच्या मागावर बसलो. तुम्ही दिवसा लुगडी विणत होता आणि विणता विणता सवाल रचत होता. धोटा इकडून तिकडे गेला की एक ओळ संपली पाहिजे, ही तुमची शाळा. मी माझी ओळ म्हणतो आणि ती अर्ध्यातच असताना धोटा परत येतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुई ओळ अजून भंडाऱ्याले हाय, गाडी नागपूरले लागली." सगळे मागवाले हसतात. सूत तुटलं तर तुम्ही शिवी देत होता आणि ठेका तुटला तर शिवीसुद्धा देत नव्हता, नुसतं बघत होता. मला शिवी परवडायची.

तुमच्या हाताखाली तीन वर्षं मी फक्त ऐकलं. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात कलगीवाल्यांनी सवाल टाकला की तुऱ्याकडून तुम्ही जबाब द्यायचा, मी मागे उभा राहून झील ओढायची. मग दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत माझ्याच गावात आपला सामना लागला. भर दुपारी, सारं गाव समोर, माझी माय पहिल्या ओळीत पोत्यावर बसलेली. तुम्ही आदल्या दिवशी म्हणाला होता, तिसरा जबाब तू दे. मी दिला. अर्धा दिला. दुसऱ्या ओळीवर तुम्ही माझ्या हातातला डफ काढून घेतला, उरलेला जबाब स्वतः म्हटला, टाळ्या घेतल्या आणि लोकांना हसत सांगितलं, "याले आवाज नाही, कान हाय!" माझी मायसुद्धा हसली, वस्ताद. तिला वाटलं तुम्ही माझं कौतुक करून राहिले.

लोक म्हणतात, त्या एका वाक्यानं तुझं आयुष्य घडवलं. कान आहे म्हणाले म्हणून तू माग सोडलास, रेडिओ दुरुस्ती शिकलास, बर्डीवर स्टूल टाकून बसलास, स्टुलाचं दुकान झालं. अगदी खरं आहे. कोणत्या टेपचा पट्टा सैल आहे ते मी रस्त्याच्या पलीकडून सांगायचो. पण म्हणून मी तुमचे आभार मानावेत, असं काही मला वाटत नाही. तुम्ही माझा आवाज काढून घेतला, आणि कान माझ्याकडे होताच.

तरी कॅसेटचे दिवस आले तेव्हा मी तुमच्याकडेच आलो. सामने बंद पडत चालले होते, कलगीची पार्टी मोडली होती, तुम्ही साठीला आला होता. मी म्हटलं, "वस्ताद, भरून ठेवू. ए बाजूला तुमचे सवाल, बी बाजूला जबाब." तुम्ही विचारलं, "जबाब कोण देईन?" मी म्हटलं, "मी." तुम्ही पान लावत बसला. मी त्याला होकार समजलो.

शहराबाहेर वाडीला एका ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याचं गोदाम होतं, छतापर्यंत कापसाच्या गाठी. गाठींच्या मधल्या बोळीत आवाज घुमत नाही, हे माझ्या डोक्यातून निघालेलं. नागपूरचा उन्हाळा, गाठींची ऊब, दोघांच्याही अंगाला रुई चिकटलेली. डफ तुम्ही दारातल्या उन्हात तापवला आणि चालू केलं. ए बाजू एका दमात झाली. शेवटच्या सवालाला बाहेर ट्रकनं हॉर्न दिला आणि तुम्ही थांबायच्या ऐवजी त्या हॉर्नवरच सम घेतली. नातीला ती जागा फार आवडते. ती म्हणते, असं ठरवून करता येत नाही. मग बी बाजू. माझे जबाब, मी रचलेले, सहा महिने खपून. तुमचा तो सवाल होता ना:

बिनमागाचा बिनसुताचा शेला कोणी विणला,
पांघरला ज्या ज्याने तो तो उघडा पडला?

आणि त्यावर माझा जबाब:

बढाईचा तो शेला, वस्ताद, तुमच्याच मागावरला,
पांघरून तुम्ही फिरता, गाव हसून हसून मेला!

मी म्हटलं सगळं. तुम्ही समोर गाठीला टेकून बसला होता, डोळे मिटून. संपल्यावर म्हणाला, "कॅसेट मले दे. घरी ऐकतो." टेपरेकॉर्डर तुम्हाला मीच दिला होता, आदल्या दिवाळीला.

आठ दिवसांनी तुम्ही दुकानात आलात, कॅसेट धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. "ऐकली. आता काढ किती काढायच्या ते." मी ए लावली, ठीक. उलटवून बी लावली. डफ नाही. खटक-खट, खटक-खट, माग चालू आहे, आणि त्यावर तुमचा आवाज. खालच्या पट्टीतला, तोंडाशी टेप धरल्यासारखा जवळून. शब्द माझे. एक न एक शब्द माझा. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती टेपजवळ सरकली.

"हे काय केलं, वस्ताद?"

"दुरुस्त केलं."

"मायं सारं पुसून टाकलं तुम्ही!"

"शब्द ठेवले ना तुये? सांग, एक तरी बदलला का?" मग तुम्ही त्या गिऱ्हाइकांकडे बघून, त्यांना साक्षीला घेतल्यासारखं, म्हणाला, "मले सांग बे, तू जबाब देऊन राहिला होता का माफी मांगून राहिला होता?"

त्या दिवशी तुम्ही उठून गेल्यावर मी पहिलं काय केलं माहीत आहे? कॅसेट उलटी करून पाठ बघितली. तुमच्यासारख्यांना ते ठाऊक नसतं असं मी धरून चाललो होतो. कॅसेटच्या पाठीवर दोन टोकांना प्लास्टिकच्या दोन बारक्या पट्ट्या असतात, एका बाजूची एक. पट्टी तोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही, टेपचं लाल बटणच दाबलं जात नाही. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, पोरीच्या लग्नाची कॅसेट आहे ना, आधी पट्टी तोड. बीची पट्टी तुटलेली होती. सूत कापायच्या चाकूनं सफाईनं उडवलेली. तुम्ही माझ्यावर भरलं आणि वरून कुलूप घातलं. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, दिवसातून दहा वेळा मी ते करत होतो. तुमच्या बीवर लावली नाही. सगळ्यांना मी सांगितलं, गुरूचा मान ठेवला.

कॅसेट निघाली. तुम्ही सांगितलं तसं वर तुमचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात "आणि पार्टी". पार्टी म्हणजे मी. आणि मग ती चालली, वस्ताद, तुम्हाला कल्पना नाही इतकी. वाडीचे ट्रकवाले घेऊन गेले, त्यांच्यामार्फत कुठल्या कुठल्या ढाब्यांवर पोचली. कॅसेट कधी मोठी होते, हे नातीला स्किपवरून कळतं. मला दुरुस्तीवरून कळायचं. साधी कॅसेट तुटली तर माणूस नवी घेतो. ही तुटली की लोक हीच घेऊन यायचे, जोडून द्या म्हणायचे, नवी नको. मी फीत बाहेर काढून बघायचो. तुटायची ती नेहमी बी बाजूच्या एकाच जागी: "बढाईचा तो शेला, वस्ताद..." आणि तिथे माग थांबतो. एक ठोका पूर्ण रिकामा. मग तुम्ही म्हणता, "तुमच्याच!" आणि माग पुन्हा सुरू. ती जागा मागे घेऊन घेऊन लोकांनी फीत झिजवली होती. मी माझ्या हातानं ती शेकडो वेळा जोडली. माझी ओळ, तुमचा आवाज, माझी चिकटपट्टी. प्रत्येक वेळी जोडून झाल्यावर नीट जुळली का म्हणून वाजवून बघावी लागायची. ती शिक्षा तुम्ही मला देऊन गेला.

मला वाटायचं, तो रिकामा ठोका तुमचा डाव आहे. चालूपणा. तुम्ही गेल्यावर मी तुमच्या घरी भेटायला गेलो तर काकू चुलीवर चहा ठेवून बसल्या होत्या. मी सहज म्हटलं, "काकू, वस्तादांनं तिथं माग काय बरोबर थांबवला!" त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "त्यायनं कायचा थांबवला गा? माग मी चालवून राहिली होती. सूत तुटलं, म्हणून थांबली मी. मले वाटलं, आता देते शिव्या. तर यायनं हातानं मले थांब म्हटलं अन् पुढचं म्हटलं." मी विचारलं, मग पुन्हा नाही भरलं? चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "कायले? बटन बंद केलं अन् लगेच चाकू मांगितला मले."

सूत तुटलं की आम्हाला आईबहिणीवरून शिव्या घालणारा माणूस. घरातल्या घरात, स्वतःच्या बायकोसमोर, मी लिहिलेली शिवी स्वतःलाच घालत होता, आणि सूत तुटलं तर ते तसंच ठेवलं. गोदामात मी काय केलं होतं ते मला आठवतं, कान आहेत ना मला. "तुमच्याच" या शब्दावर मी डफ जोरात वाजवला होता. शब्द झाकला जावा म्हणून. तुम्ही समोर बसला होता.

म्हणून उद्या नातीला मी सांगणार आहे की बीवर शब्द माझे आहेत, आवाज तुमचा आणि माग काकूंचा. तिघांचीही नावं लिही. तुम्ही कव्हरवर लिहिलं नाहीत, ती लिहील. इथपर्यंत मी कोणाचं देणं लागत नाही, आणि तुम्हाला माफ केलं असंही समजू नका. माझा आवाज जसा होता तसा, माफी मागणारा, पण माझा होता. ठेवायचा की पुसायचा ते मला विचारायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र तिला सांगणार नाही. गोदामात कॅसेट तुमच्या हातात देण्याआधी मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि एची पट्टी तोडली. तुमचे सवाल कोणी पुसू नयेत म्हणून. मग कॅसेट फिरवली, बीच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, थोडा वेळ तसाच धरला आणि खिशात ठेवून दिला. इतकी वर्षं मी म्हणत आलो की गडबडीत राहून गेली.

विसरलो नव्हतो, वस्ताद.