‘आला तसा’ रकाना

चाचा,

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. श्रीवर्धनला तुमच्या मातीला मला येता आलं नाही, त्याचं वाईट वाटतं ते वेगळं. राग तो रागच. आज शुक्रवार, आमच्या शारजात सुट्टी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या मुलीनं एक कागद ठेवलाय आणि वर पिवळी चिठ्ठी चिकटवलीय, ‘बाबा, प्लीज चेक द नंबर्स’. या घरात कुठलाही आकडा तपासायचा असेल तर तो माझ्याकडे येतो. मी तपासले. दोनदा तपासले. आकडे सगळे बरोबर आहेत. तरीही तासभर त्या कागदासमोर बसून मला तुम्हीच आठवताय. आठवणारच, कारण जे काही बिघडलंय ते तुमच्यापासून सुरू झालंय.

हमरियाच्या फ्री झोनमधली आपली ती पत्र्याची शेड. कारखान्यांतून काढलेले प्रेशर गेज यायचे, तेलानं माखलेले, काचा पिवळ्या पडलेल्या. काम सोपं आहे असं मला वाटायचं. टेस्टरवर वजनं ठेवायची, म्हणजे खरा दाब किती ते आपल्याला कळतं. गेजचा काटा काय दाखवतो ते बघायचं. चुकत असेल तर काटा जागेवर आणायचा. आणि फॉर्मवर दोन रकाने भरायचे. छापील इंग्रजी शब्द काही असोत, तुम्ही त्यांना म्हणायचात ‘आला तसा’ आणि ‘दिला तसा’. आला तेव्हा गेज किती चुकत होता, आणि आपण दुरुस्त करून दिला तेव्हा किती. मी चिपळूणहून येऊन चार महिने झाले होते आणि मला वाटत होतं की मला सगळं येतं. त्या दिवशी रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्याचा गेज मी घाईघाईत उघडला आणि आधी काटाच सरळ केला. मग लक्षात आलं, पहिला रकाना कोरा राहिला. आता तो गेज आला तेव्हा काय दाखवत होता हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. असल्या गेजमध्ये दाबात साधारण अर्ध्या बारची चूक असते, एवढं मी पाहून ठेवलं होतं. दहाच्या समोर मी पेन्सिलनं साडेदहा लिहिलं आणि फॉर्म तुमच्यासमोर सहीला ठेवला.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, “हा आकडा तू पाहिलास की पैदा केलास?”

मी म्हणालो, “चाचा, अंदाजे तेवढाच असणार.”

तुम्ही फॉर्म फाडलात. ड्रायव्हर उभा होता, दोघे मल्याळी टेक्निशियन जेवणाचे डबे उघडून बसले होते, त्या सगळ्यांसमोर फाडलात. मला वाटलं, संपलं एवढ्यावर. पण नाही. “फोन कर त्यांना,” म्हणालात, आणि मी रिसीव्हर उचलल्यावर, “नको, फोनवर तू गोड बोलशील. यल्ला, गाडी काढ.” थेट रास अल खैमाला पोचलो. तिथल्या मेंटेनन्स इंजिनियरसमोर मला उभं केलंत आणि माझ्या तोंडून वदवून घेतलंत की साहेब, तुमचा गेज किती चुकत होता हे न बघताच मी तो दुरुस्त केला, त्यामुळे गेलं वर्षभर तुमचा बॉयलर नेमका किती दाबावर चालला हे आता कुणी सांगू शकणार नाही. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. “तो अब मैं क्या करूँ, भाई?” त्यांनी बॉयलर थांबवला, दोन दिवस तपासणी केली. काही निघालं नाही. काहीही निघालं नाही, चाचा, आणि माझी लाज मात्र तीन कारखान्यांत पोचली. परतताना तुम्ही एका बकाल्यापाशी गाडी थांबवायला लावलीत, त्या छोट्या दुकानातून एक निळं बॉलपेन आणलंत, माझ्या खिशातली पेन्सिल काढून खिडकीबाहेर टाकलीत आणि पेन खिशाला अडकवलंत. “पहिल्या रकान्यात पुन्हा पेन्सिल दिसली तर हात तोडीन. काटा सरळ काय, कुणीही करील. आला तसा किती वाकडा होता, ते लिहायला ठेवलंय आपल्याला. खलास.”

त्यानंतर सहा महिने माझ्या कुठल्याही फॉर्मवर तुम्ही पाहिल्याशिवाय सही केली नाहीत. प्रत्येक गेज माझ्याबरोबर पुन्हा लावायचात. मला त्याचा संताप यायचा आणि आजही येतो. बारावी नापास माणसाला एवढं कमी लेखायची गरज नव्हती. मी तुमच्या नाकावर टिच्चून शिकलो. जुन्या मशीनची मॅन्युअलं वाचली, जपानी कंपनीचं मॅन्युअल तर शब्दकोश घेऊन वाचलं, बारा तासांची ड्युटी करून कॅलक्युलस शिकलो. कुणी शिकवलं नाही. आज त्याच फ्री झोनमध्ये मी लॅब चालवतो, डिग्रीवाले इंजिनियर माझी सही घ्यायला थांबतात, आणि कुणी विचारलं की मी सांगतो, सेल्फ-टॉट. पहिला रकाना मात्र पेननंच भरून घेतो. नव्या माणसाची पेन्सिल मीही काढून घेतो.

आता मुलीचं. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. तिला डॉक्टर व्हायचंय, आणि इथं आधी एक डिग्री करून मग मेडिकलला अर्ज करायची वाट असते, ती तिनं धरली. इथं टक्के नसतात. प्रत्येक विषयाला ग्रेड, आणि सगळ्या ग्रेडची चारपैकी सरासरी, तिला जीपीए म्हणतात. मेडिकल कॉलेज म्हणतं, तीन तरी हवा. तीन वर्षांनंतर तिचा होता दोन पॉइंट सात. दुसऱ्या वर्षाच्या एका सेमिस्टरला सहा विषय, त्यातल्या तीन विषयांना लॅब, आणि तिथंच घसरलं. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत डी, फिजिक्समध्ये सी मायनस. पोर हुशार आहे, हे मी बाप म्हणून सांगत नाही, मोजमाप करणारा म्हणून सांगतो.

मी तिला घेऊन अल बर्शात एका सल्लागाराकडे गेलो. पंचविशीतला पोरगा, पायात मोजे नाहीत, पण सूट कडक. त्यानं तिचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, उलटून पाहिलं, म्हणजे खरोखर उलटं धरून पाहिलं, आणि म्हणाला, “सर, टेन्शन मत लीजिए. दो ईज़ी सब्जेक्ट लेंगे, फोटोग्राफी वगैरह, ए आ जाएगा. फेल वाला रिपीट करेंगे, और फॉर्म में सिर्फ नया ग्रेड डालेंगे. और रीज़न में लिख दीजिए, फॅमिली में मेडिकल इश्यू था.”

“कुणाला होता इश्यू?” मी मराठीतच विचारलं, इतका भडकलो होतो.

“सर, सब लिखते हैं. कौन चेक करता है?”

चाचा, त्या क्षणी मी उठलो आणि त्याच्या काचेच्या टेबलावरून ट्रान्सक्रिप्ट ओढून घेतलं. गाडीत मुलगी म्हणाली, “बाबा, यू शाउटेड. एव्हरीवन वॉज लुकिंग.” बघू देत. माझ्या धडधाकट बायकोला आजारी पाडायला निघाला होता तो.

पण तेवढ्यावर थांबलो नाही, मी सरासरीवरही भडकलो. घरी येऊन एक्सेल उघडलं. तीन वर्षांच्या नव्वद क्रेडिटचं, म्हणजे विषयांच्या वजनाचं, ओझं आधीच डोक्यावर. शेवटच्या वर्षी तिनं तीस क्रेडिटांत तीन पॉइंट सातची कामगिरी केली, तरी सरासरी सरकते ती दोन पॉइंट पंच्याण्णवपर्यंत. म्हणजे माणूस सुधारला, आणि आकडा अजून त्याच्या जुन्या चुकीचंच रडगाणं गातोय! मी टेबलावर हात आपटून म्हणालो, “ही काय मापायची पद्धत झाली? आमच्याकडे गेज दुरुस्त झाला की आज तो काय दाखवतो तेवढं बघतात. जुनी चूक आणि आजचं माप मिसळून कुणी सरासरी काढत नाही.” बायको पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “आधी पोरीचं ऐका, मग त्या एक्सेलचं.” आणि पोरगी, जी एरवी माझ्याशी इंग्रजीतच भांडते, मान वर न करता मराठीत म्हणाली, “पण बाबा, तुम्ही पण जुनं रीडिंग ठेवताच ना? पेननी?”

हे तुमचं वाक्य, चाचा. तुमची आणि तिची कधी गाठ पडली नाही आणि ते माझ्याच घरात माझ्यावर उलटलं. त्याचाच राग येतो.

तिनं फोटोग्राफी घेतली नाही. शेवटच्या वर्षी खरोखरच तीन पॉइंट सात मिळवले. एक सेमिस्टर जास्तीचं लागलं ते घेतलं आणि नेमके तेच दोन विषय पुन्हा केले. मी म्हटलं होतं, जुनं पुस्तक पहिल्या पानापासून वाच, मी तसाच शिकलो. तिनं ऐकलं नाही. पहिल्या खेपेच्या उत्तरपत्रिका प्रोफेसरांकडून मागून घेतल्या आणि आपण कुठं कुठं चुकलो होतो त्याची यादी केली, फ्रिजवर लावली. आठवड्यातून दोनदा त्यांच्या ऑफिसात जाऊन बसायची आणि विचारायची. विचारायची, चाचा! मला ते बघवायचं नाही. आपल्याला येत नाही हे असं दारोदार सांगत फिरायचं? केमिस्ट्रीत ए मायनस आली, फिजिक्समध्ये बी प्लस. जुने ग्रेड सोडून नवे धरले की जीपीए होतो तीन पॉइंट शून्य नऊ. पण मेडिकल कॉलेजच्या फॉर्मवर लिहिलंय, प्रत्येक प्रयत्न नोंदवा. दोन्ही धरले की होतो दोन पॉइंट अठ्ठ्याण्णव. मी चार वेळा काढून पाहिला, बदलत नाही. तीनच्या खाली असेल तर एक पान स्पष्टीकरण जोडा, त्यावर विचार करू, असं ते म्हणतात. म्हणजे आता सगळं त्या एका पानावर. सोमवारी अर्ज जायचाय.

ते पान माझ्यासमोर आहे. तिनं डी लिहिलाय, सी मायनस लिहिलाय, दोन पॉइंट अठ्ठ्याण्णव पहिल्याच ओळीत लिहिलंय, काही झाकलेलं नाही. फ्रिजवरची यादी लिहिली आहे, प्रोफेसरांच्या दारात बसायची तेही लिहिलंय. वाचताना अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. आणि मधे एक वाक्य आहे: एकाच सेमिस्टरला सहा विषय घ्यायचा निर्णय माझा होता, सल्लागार शिक्षकांनी नको म्हटलं असतानाही मी तो घेतला.

विषय निवडायच्या त्या दिवशी कॉलेजातल्या या अ‍ॅडव्हायझर बाईंच्या समोरच्या खुर्चीत मी बसलो होतो. ती माझ्या शेजारी. बाई म्हणाल्या, “सर, फाइव्ह इज इनफ. थ्री लॅब्स टुगेदर इज टू मच.” मी हसलो होतो, मला नीट आठवतंय. म्हणालो, “मॅडम, आय लर्न्ड कॅलक्युलस आफ्टर ट्वेल्व्ह अवर्स ड्युटी. शी इज माय डॉटर.” मुलगी एकदाच, हळू आवाजात म्हणाली, “बाबा, मे बी फाइव्ह?” मी म्हटलं, “एक सेमिस्टर वाचेल तुझं.” आणि जादा विषयाचा फॉर्म माझ्याकडे ओढून मीच भरला. तो फॉर्म तिच्या फाइलमध्ये आहे, मघाशी काढून पाहिला. अक्षर माझं, शेवटी फक्त सही तिची.

हे घरात कुणी कधी काढलं नाही. तिनंही नाही, आणि आता पानावरही नाही. मला वाचवायला लिहिलं तिनं ते, की तिला खरंच तसं वाटतं, हे मला विचारता येत नाही. पण ते वाक्य म्हणजे पाहिलेला आकडा नाही, पैदा केलेला आहे, एवढं मला कळतं. आणि खरं लिहिलं तर तिचं भलं होईल, हेही कळतं. वाचणाऱ्याला दिसेल की पोरगी स्वतःच्या हावेनं घसरली नव्हती. एक ओळ बदलायची आहे. तुम्ही असतात तर पान फाडलं असतंत आणि म्हणाला असतात, यल्ला, चल तिच्यासमोर.

चारला ती लायब्ररीतून येईल. हे पत्र मी त्याच फाइलमध्ये ठेवणार आहे, जिथं माझी सर्टिफिकेटं आहेत, त्यातल्या एकावरही तुमचं नाव नाही. पान तपासून झालंय. तुम्ही दिलेलं पेन केव्हाच संपलं, पण टेबलावर दुसरं आहे, निळंच आहे. त्या वाक्याखाली मी रेघ मारली आहे, चाचा. पेन्सिलनं.