टाकीतलं पेट्रोल

लायल,

ज्युनीला घेऊन ताईकडे जातेय. पेट्रोलचा वास पार तिच्या पाळण्यापर्यंत आला होता! बर्फावर चालवायच्या स्नोमोबाइलचे भाग धुवायच्या टाकीत तू पेट्रोल भरलंस? आणि शेजारीच गॅस गीझरची ज्योत जळतेय! "बाबा जन्मभर पेट्रोलनेच धुवायचे," म्हणशील. त्यांचं गॅरेज शेताच्या कडेला होतं रे, आपलं लेकीच्या खोलीखाली आहे.

गीझर विझवलाय. बर्फ पडला तरी गॅरेजचं दार लावू नकोस. पेट्रोल घट्ट झाकणाच्या डब्यात भर. यापुढे त्या टाकीत साबणाचंच द्रावण. म्हणे भाग गंजतात! मग पुसून तेल लाव की.

जेवायला चिकनचं कॅसरोल भाजून फ्रीजमध्ये ठेवलंय. वास जाईपर्यंत ओव्हन पेटवायचा नाही, थंडच खा. नाहीतर इकडे ये, गरम वाढते.

मार्नी