पाय तुझा, बोललो मी

प्रिय धाकट्या,

कारखान्याच्या लिफ्टखाली तुझा पाय गेला आणि वकील शोधायला पुढे झालो मी. पहिल्या वकीलबाई तुलाच विचारत होत्या. मी मध्ये तोंड घातलं, तर म्हणाल्या, "काका, जरा गप्प बसा. पाय त्यांचा आहे." मला मिरच्या झोंबल्या. कुबड्यांसकट तुला बाहेर काढलं.

दुसऱ्या वकिलानं मला मोठी खुर्ची दिली आणि माझंच सगळं लिहून घेतलं. माझ्या भरवशावर तू न वाचता सही केलीस. कोर्टात तुझं बोलणं त्या कागदाशी जुळेना. केस हरलो.

"दादा, तू होतास का तिथं?" एवढंच म्हणालास, मग अबोला.

नव्हतो रे. हे पत्र टाकायला धीर होत नाही, कारण यातही मीच बोलतोय; अपघाताच्या दिवशी नेमकं काय झालं, हे मी तुला अजून विचारलेलंच नाही.

तुझा बोलघेवडा
दादा