बसवलेलं तेल

३ फेब्रुवारी

आणि वर म्हणे, याच्या पायाला भिंगरी! म्हण बाबा, म्हण. गॅरेज सोडलं तेव्हा म्हणालास, वीटभट्टी सोडली तेव्हा म्हणालास, आणि परवा तर माझ्या बायकोच्या देखत म्हणालास, की हा एका जागी टिकला तर मी मिशी उतरवीन. मग दादा, वस्तरा शोधून ठेव. तुझ्या नाकावर टिच्चून नोकरी लागलीय.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून इथं लिहितो. कंपनीनं प्रत्येकाला डायरी दिलीय, वर जहाजाचं चित्र. सातवी नापास माणसाला डायरी! दिली तर दिली, फुकट ते पौष्टिक.

जागा झकास आहे. तेलाचा धक्का. भलीमोठी जहाजं येऊन लागतात, धक्क्याखालून जाडजूड पाइप जातो, त्यातून कच्चं तेल टेकडीमागच्या टाक्यांत. आम्ही सहा जण सफाईवाले. नारिंगी डगला, गमबूट, हातमोजे. खोली दुसऱ्या मजल्यावर, मोरी आतच, खिडकीतून पाणी दिसतं. एक खाट माझी, दुसरी बोंबल्याची. त्याचं खरं नाव कुणी विचारत नाही. साधी काडेपेटी मागायची तरी बोंब ठोकतो.

मुकादम म्हणाला, टिकलास तर जोडप्याची खोली देतो. टिकणारच. मग तिला बोलावून घेतो. तुझ्या अंगणातले टोमणे झाडून झाडून तिची कंबर गेली.

६ फेब्रुवारी

काम कळलं. आपल्याला वाटतं तेल सांडलं म्हणजे जहाज फुटलं, आग लागली, पेपरात फोटो आला. छे! इथं रोजच गळतं. धक्क्याखालचा पाइप गंजून कागदासारखा झालाय. जागोजागी लोखंडी पट्टे आवळलेत. पट्टा सैल झाला की तेल. पंप थांबवावा तर जहाज खोळंबतं, आणि जहाज खोळंबलं की साहेबाचं डोकं फिरतं. मी म्हणालो, मग पाइपच बदला की. सगळे खो-खो हसले. मुकादम म्हणाला, जावई आलेत, सासऱ्यानं पाइप घालावा म्हणतात.

भिंतीवरच्या चित्रात असं आहे, की पाण्यावर फुगे टाकून तेल अडवायचं, ओढून घ्यायचं, पिंपात भरायचं. चित्र छान आहे. आम्ही पावडर मारतो. पावडरीचं पाणी नळीनं सोडलं की तेलाचे बारीक गोळे होतात आणि तळाला जातात. वर पाणी लख्ख. याला इथं 'बसवणं' म्हणतात. मुकादम ओरडतो, बसलं का रे? आपण ओरडायचं, बसलं! मग तपासणीची बोट येते, वरवर बघते, जाते. बोंबल्या म्हणतो, मी जन्मात दोनच गोष्टी बसवल्या. एक बापाचं दुकान, दुसरं हे तेल.

मुकादम म्हणाला, बसवण्यात या नव्याचा हात धरणारा कुणी नाही. ऐकतोयस ना दादा?

११ फेब्रुवारी

लोक मात्र महाखडूस. डगला दिसला की चहावाला पेला हातात देत नाही, जमिनीवर ठेवतो. आज बाजारात एका मासळीवाल्या मावशीनं मला हाताला धरून थांबवलं. मासा चिरून दाखवला. पोटात अंडी, सगळी काळी, वाळूसारखी सुटी. म्हणाली, तुम्ही बसवता आणि आम्ही उठतो. आज बाजारातून, उद्या गावातून. मला राग आला. म्हणालो, मावशी, पाइप काय मी खाल्ला? ती म्हणाली, नळी तर तुझ्याच हातात असते ना रे, मुडद्या.

येताना खाडीकडून आलो. तिथली झाडं चिखलातून बोटांसारखी मुळं वर काढतात आणि त्यातून श्वास घेतात. त्या हजारो बोटांना काळा थर चढलाय, नाकात बोळा घातल्यासारखा. पान एकाला नाही. मी दोन-चार बोटं पुसली. का पुसली कोण जाणे. हात बराच वेळ चिकट राहिला.

१५ फेब्रुवारी

तुझा निरोप पोचला. म्हणजे तुझ्या घराच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून. त्याच्या फोनवरून चालतं तुला, माझा तेवढा विटाळ. म्हणे नुसत्या बाता नकोत, तिच्या गाडीभाड्याचे पैसे दिसू देत. ज्या दिवशी येतील त्याच दिवशी तिला गाडीत बसवून देतो, एक शब्द विचारणार नाही. बरं. पगार झाला की पाठवतोच.

दुपारी खडकावर एक पक्षी होता. भर उन्हात कुडकुडत होता. बोंबल्या म्हणाला, पिसांना तेल लागलं की पिसं एकमेकांना चिकटतात, गारठा सरळ कातडीला भिडतो. मग तो चोचीनं पिसं साफ करत बसतो, आणि जेवढं साफ करतो तेवढं तेल पोटात जातं. स्वच्छतेपायी मरतो येडा! एवढं बोलून तो हसला. मीही हसलो.

खोलीवर आलो तर बोंबल्या खाटेवर बसून मनगट चाटत होता. म्हटलं घाम असेल.

१९ फेब्रुवारी

थंडी वाजते. बाहेर डांबर वितळतंय आणि मी दोन स्वेटर घालून. साबण संपवला. मोजे काढले की हात काळे, धुतले की स्वच्छ, पुन्हा बघावं तर नखांच्या मुळांतून काळं वर येतंय. बाहेरून लागलेलं नाही हे. आतून येतंय.

बोंबल्या दोन दिवस बोंबलला नाही. त्याचा आवाज बसलाय. गादीवर त्याच्या अंगाचा काळा ठसा उमटलाय, कोपर, गुडघे, कान सगळं. मुकादमाला दाखवलं. तो म्हणाला, चादर पालटा. त्याच्या कॉलरखाली मानेवर रेघ होती. काळी.

पगार झाला, नऊ हजार चार रुपये. पैसे अजून पाठवले नाहीत. थोडं थांबतो.

२१ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत कुणी डबा उघडला नाही. सगळे खडकांवर जाऊन बसले. एका रांगेत, पाण्याकडे तोंड करून, कोपरं अंगाशी घट्ट. नुसता चप-चप आवाज.

मी खडकांपासून लांब उभा होतो. लांबच उभा होतो, दादा. मग मुकादमानं मला हाक मारली तेव्हा कळलं, मी रांगेत शेवटचा आहे आणि माझ्या तोंडाला रॉकेलची चव आहे.

२२ फेब्रुवारी

ओहोटी होती. पाणी खूप मागं गेलं. तळ उघडा पडला. इतके दिवस बसवलेलं सगळं तिथं होतं, काळं, जाड, गायीच्या पाठीसारखं. त्यात पंख. माशांचे काटे. एक गमबूट.

मुकादम ओरडला, बसलं का रे?

मग ते—

उठलं.

भर दुपारी. सगळ्यांनी पाहिलं. आवाज नाही, लाट नाही. नुसतं उठलं आणि उभं राहिलं. बोंबल्या उतरून त्याच्याकडे चालत गेला, घरी जावं तसा. मी ओरडलो. तोंडातून गुळगुळ झाली फक्त. त्याला पोटाशी घेऊन ते पुन्हा—

बसलं, असं मुकादमानं वहीत लिहिलं. पाणी लख्ख.

२३ फेब्रुवारी

पळालो. बसमध्ये चढलो. कंडक्टरनं सीटकडे बोट दाखवलं, माझ्याखाली काळं पसरत होतं. लोक नाक दाबून मागं सरले. एक बाई पोराला घेऊन खाली उतरली. गाव जसजसं लांब गेलं तसतसा गारठा वाढला. दात वाजायला लागले. पाण्याजवळच ऊब आहे. परत आलो. स्वतःच्या पायांनी.

मुकादम दारात उभा. म्हणाला, जोडप्याची खोली झाडून ठेवलीय. माणसं कमी पडतात. बायकोलाही डगला देऊ, बायकांचा हात हलका असतो, छान बसवतात.

मग कळलं, खोल्या कशाला देतात ते.

२४ फेब्रुवारी

ती येता कामा नये.

दुकानदाराला फोन लावला. माझा आवाज— तो म्हणाला, कोण आहे, नळ उघडा ठेवलाय का, आणि ठेवून दिला. तुला लावला. वाजत राहिला. मेसेज टाकायला बघतो तर काचेवर बोट घसरतं, अक्षर उठत नाही.

खिडकीखाली तिघं बसलेत. वर बघतात.

२५ फेब्रुवारी

पेन सटकतंय

सुचलं. तू माझं काही बघत नाहीस पण पैसे बघतोस. फोनवरून पैसे पाठवताना एक ओळ लिहिता येते. एकच रुपया पाठवायचा. ओळ— तिला पाठवू नको

पुसला फोन. बाहीनं पुसला. जिभेनं

अक्षरं उमटत नाहीत. आकडे उमटतात. आकडेच का— एकावर बोट ठेवलं, नवावर गेलं— पुढे शून्य— थांब म्हटलं, अंगठा थांबत नाही, अंगठा माझा नाही

मोरीतून वर येतंय

दादा नुसते पैसे आले तर गाडीत बसवू नको— हे भाडं नाही— ओळ कोरी गेली, ओळ कोरी आणि खाली नऊ हजार चार