मनगटाखालची टाचणी

लाडक्या लेका,

सगळ्यात आधी आली मास्तरांची बायको, रडत, मागून पोलीस. सगळ्यांना चहा दिला. आनंदाच्या भरात साखर जरा जास्तच पडली बघ! अरे, व्हायोलिन धरताना तुझ्या लेकीचं डावं मनगट खाली पडतं, म्हणून तुझ्याच त्या मास्तरांनी खाली टाचणी धरली. पोरीचं रक्त दिसलं आणि मी त्यांच्याच छडीनं त्यांची बोटं फोडली. "आजी, पुरे गं!" पोरगी ओरडली, पण माझा हात थांबेना. लहानपणी तू सुजलेली बोटं दाखवायचास, तेव्हा मी म्हणायचे, "मास्तर सांगतील तसं कर." हे लिहिलं खरं, पण तुला पाठवायला तोंड नाही. जीव मात्र गार झाला. पोलीस मला न्यायला गुरुवारी परत येतो म्हणालेत.

तुझी,
उशिरा उठलेली आई